सहाशे सहासष्ट कमानी

२ ऑक्टोबर, गुरुवार

तुल्लिओ विसिंतिन! तेच नाव, तीच जन्मतारीख. आणि कागद माझ्याच टेबलावर!

त्रिएस्तेहून कुणा मार्त्सिआचं पत्र आलंय आमच्या बोलोन्यातल्या सहलींच्या कचेरीत. 'होणाऱ्या नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस. कुठे जायचं ते त्याला सांगितलेलं नाही. बोलोन्यात दोन रात्री, फक्त आम्ही दोघं. पूर्वी तो तिथे नोकरीला होता, खूश होईल. बेत सगळा तुम्हीच आखा.'

सहा वर्षं झाली. लग्नाला तीन आठवडे उरले होते. माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, 'नशिबात नव्हतं गं, नोर्मा.' झगा शिवून तयार, पाहुण्यांना वाटायचे पाच किलो साखरबदाम घरात येऊन पडलेले. आणि हा निघून गेला!

आखते ना. असा आखते की जन्मभर विसरणार नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन केला तिला. नाव ओर्नेल्ला सांगितलं — खरं सांगितलं तर ती त्याच्यापाशी सहज बोलून जायची. आवाज गोड आहे मेलीचा. तारीख मी सुचवली: सतरा, शुक्रवार. ती हसली. 'अहो ताई, सतरा तारखेचा शुक्रवार? इतका अपशकुनी? माझी आजी त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकत नाही!' मग म्हणाली, 'चालेल, मी नाही मानत असलं काही.'

नाही मानत? उत्तम.

६ ऑक्टोबर, सोमवार

खोली ठरवली. देवळाच्या घंटेला अगदी लागून. त्याची झोप सावध, पान हललं तरी जागा होतो. जेवणासाठी ती खानावळ, जिथे तोर्तेलिनी — खिमा भरलेल्या त्या कणकेच्या चिमुकल्या पुड्या — रश्श्याऐवजी सायीत घालून देतात. आईच्या हातचे रश्श्यातले खाल्लेत त्याने तीन वर्षं, दर रविवारी. एका घासात फरक कळेल त्याला.

पण ही सगळी चिल्लर. खरं काम रविवारचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहूनच टाकते. बोलोन्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे — लग्न ठरलेल्यांनी सान लुकाच्या डोंगरावर, वरच्या देवळापर्यंत, जोडीने चढायचं नाही. चढले की मोडतं. लग्न झाल्यावर खुशाल जा.

आम्ही चढलो होतो. त्या वर्षी, ईस्टरच्या सोमवारी. तोच मागे लागला. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय न जाणारा माणूस! 'चल ना, एकदा वाटेवरच्या त्या सगळ्या कमानींखालून जाऊ, सहाशे सहासष्ट आहेत ना?' मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. म्हटलं, त्रिएस्तेचा माणूस, एवढा हौसेने म्हणतोय, म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगून कशाला त्याचा हिरमोड करा. आईला तर पत्ताच लागू दिला नाही. महिन्याभरात मोडलं.

मानत नव्हते मी. पण सहा वर्षं रोज स्वतःलाच विचारतेय — तोंडाला कुलूप का लावलंस? माझंच चुकलं. माझ्या गप्प बसण्यानेच माझा संसार गेला.

तर आता पुन्हा गप्प बसते. रविवार, सकाळी साडेदहा: 'हातात हात घालून सान लुकाची चढण. बोलोन्यातली सर्वांत रम्य वाट.' आज टाइप केलं. बोटं जरासुद्धा अडखळली नाहीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तिचा फोन. 'ताई, डोंगरावर काय घालू? त्याचे गुडघे दुखतात, झेपेल ना त्याला?' झेपेल गं बाई. गेल्या वेळी झेपलं होतं.

मग म्हणाली, 'इतका चांगला आहे हो. मला सर्दी झाली तर रात्रभर उशाशी बसतो.'

माझं न्यूमोनियाचं दुखणं आईने काढलं. तो त्या आठवड्यात मित्रांबरोबर बर्फात घसरायला गेला होता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ती दोघं यायच्या आधी खोलीवर जाऊन आले. मालकीणबाई ओळखीच्या. उशीवर साखरबदाम ठेवले — आमच्या लग्नाचेच, अजून डबाभर उरलेत. लग्नाला पाच देतात, पाचाचे दोन सारखे वाटे होत नाहीत म्हणून. मी चार ठेवले. दोन तुला, दोन तिला, आणि आपापल्या वाटेला लागा!

जिना उतरताना वाटलं, तिला फोन करावा. 'रविवारची चढण राहू द्या' म्हणावं. तिने माझं काय वाकडं केलंय? फोन हातात घेतला होता.

पुन्हा पर्समध्ये टाकला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काही नाही. घंटा ऐकत बसले.

१९ ऑक्टोबर, रविवार

साडेदहा. आता मेलोंचेल्लोच्या कमानीपाशी पोचले असतील, तिथून चढण सुरू होते. अकरा. आता त्याला धाप लागली असेल. साडेअकरा. पोचले!

आईकडे जेवायला गेले. दोनदा वाढून घेतलं. आई म्हणाली, 'आज स्वारी खुशीत दिसतेय.' म्हटलं, भूक लागली.

२० ऑक्टोबर, सोमवार

मार्त्सिआचा फोन आला, आभार मानायला. खोली सुंदर, घंटा सुंदर, बदाम किती गोड कल्पना! दातांनी फुटता फुटेनात म्हणून दोघं पोट धरधरून हसली म्हणे.

आणि सान लुका?

'अहो ताई, गंमतच! कमानीपाशी तुल्लिओ खिळल्यासारखा उभा. म्हणाला, लग्न ठरलेल्यांनी जोडीने चढायचं नसतं, मोडतं. मी हसले तर चक्क रागावला. म्हणाला, तुझ्या बाबतीत मी असला खेळ खेळणार नाही. मग मी एकटी वर जाऊन आले. तो तासभर खाली बाकावर बसून होता. पण ताई, तुम्ही इथल्या असून तुम्हाला कसं ठाऊक नाही?'

मी विचारलं, त्यांना कसं ठाऊक?

'पूर्वी इथे असताना एका म्हाताऱ्या बाईंनी बजावलं होतं म्हणे. रविवारी, जेवायला वाढता वाढता.'

फोन कधी ठेवला, आठवत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कामावर न जाता आईकडे गेले. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, 'हो, मीच सांगितलं होतं. तू असलं काही मानत नाहीस, म्हणून त्याच्या कानावर घातलं. झावळ्यांच्या रविवारी. शहाण्यासारखा म्हणाला, नाही नेणार तिला, आई.'

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. आम्ही चढलो ते त्यानंतर आठव्या दिवशी.

सहाशे सहासष्ट कमानी, माझा हात घट्ट धरून. एकदाही दम खायला थांबला नव्हता.