चर्चच्या इतिहासातून गळलेलं पान

बाई, तुमचं चर्च आता बंद होणार आहे. गेल्या आठवड्यात समितीचा फोन आला होता. रविवारी प्रार्थनेला जेमतेम वीस-पंचवीस माणसं असतात, छप्पर गळतं, पाद्री महिन्यातून एकदा दुसऱ्या गावाहून येतात. म्हणून सगळे नदीपलीकडच्या दुसऱ्या आर्मेनियन चर्चमध्ये जाणार. हो, त्याच. ज्याचं नावसुद्धा तुमच्यासमोर कुणी काढत नसे. एकत्र येताना त्यांना आपल्या चर्चच्या इतिहासाची प्रत हवी होती, आणि तो इतिहास मी लिहिला असं सगळे धरून चालतात. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. हल्ली एखाद्या गोष्टीचं धड वाईट वाटेपर्यंतही माझा दम टिकत नाही.

हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. माझ्या भाषेतला एकच शब्द तुम्हाला येत होता. लायब्ररीत तुमच्या हाताखाली कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी तो माझ्या तोंडून गेला आणि तुम्ही अर्थ विचारलात. शाळेत शिकवणाऱ्यांना आम्ही 'बाई' म्हणतो, असं मी सांगितलं. "मग मला तेच म्हण," तुम्ही म्हणालात, "इथे कालची पोरंही मला नावाने हाक मारतात." नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत, नेपरव्हिलला आलेली मी, मला धड फोनवर बोलायचीही भीती वाटायची. तुम्ही मला पुस्तकांची सूची करायला शिकवलंत, बर्फात गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नाही हे शिकवलंत, आणि एका ऑगस्टमध्ये चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात नेलंत.

तो दिवस मला अजून दिसतो. लांबलचक टेबलाभोवती दहा-बारा बायका बसल्यात, द्राक्षाच्या पानांत भाताचं सारण भरून गुंडाळ्या करतायत, एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू होतंय. कोपऱ्यात टोपल्यांमधून द्राक्षं धुऊन ठेवलीत. मी येता-जाता सहज एक तोडून तोंडात टाकते. तुम्ही टेबलापासूनच ओरडता, "थुंक ते! अजून आशीर्वाद झालेला नाही." वर्षातली पहिली द्राक्षं त्या रविवारी वेदीसमोर ठेवून पाद्री आशीर्वाद देतात, त्याआधी तुमच्यात कुणी द्राक्ष खात नाही. मी कानापर्यंत लाल झाले. नैवेद्य दाखवण्याआधी ताटातलं उचलून खाल्लं म्हणून लहानपणी मार खाल्लेली मुलगी मी, मला तरी हे कळायला हवं होतं. दुपारी, सगळं आटोपल्यावर, तुम्ही कागदी रुमालात बांधून एक घड माझ्या हातात दिलात. "आता खा. आता आमचीच आहेस तू." परक्या देशात मला असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणूनच चर्चच्या वर्धापनदिनाचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा टायपिंग मी मागून घेतलं. तुमचे डोळे तोवर जायला लागले होते. तुम्ही सांगायचात, मी लिहून घ्यायचे. तुर्कस्तानातल्या आर्मेनियनांच्या कत्तलीतून वाचलेली माणसं इथल्या लोखंडाच्या ओतकारखान्यात कशी लागली, फोटो पाहून लग्न ठरवलेल्या अनाथ मुली बोटीने कशा आल्या, दुसऱ्यांच्या चर्चचं सभागृह रविवारी दुपारपुरतं कसं मागून घेतलं, आणि स्वतःची वास्तू झाली तेव्हा वेदीचा दगड पुरुषांनी खांद्यावरून कसा आत नेला. मग फुटीची गोष्ट आली. मायदेशातल्या राजकारणावरून एका चर्चची दोन झाली. मी हसून म्हटलं, आमच्या महाराष्ट्र मंडळाचेही दोन गणपती झाले, आणि तेही देवावरून नव्हे, खुर्चीवरून. तुम्ही हसला नाहीत.

"हे नीट लिही," म्हणालात. तुमचा धाकटा भाऊ दुसऱ्या बाजूला गेला होता. आईच्या अंत्यविधीला तो आला, पायरीवर टोपी हातात घेऊन उभा राहिला, म्हणाला, "दोनच मिनिटं, अक्का." तुम्ही त्याच्या तोंडावर दार लावलंत. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच लावलं. माझ्या नावानिशी लिही, आणि पुस्तक त्याला पाठव. तोंडाने मला नाही जमणार." चाळीस वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलला नव्हतात.

पुस्तक निघालं. त्यात एवढंच होतं, की मतभेदांमुळे काही कुटुंबांनी वेगळी उपासना सुरू केली. तुम्ही सांगितलेलं ते दाराचं पान छापलं गेलं नाही. तोवर तुम्हाला काहीच दिसत नव्हतं. खिडकीशी बसून तुम्ही मुखपृष्ठावरून हात फिरवत होतात. "ते वाच," म्हणालात. मी त्या पानाचा टाइप केलेला कागद पुस्तकात ठेवला आणि पुस्तकातलंच असल्यासारखं वाचून दाखवलं. तुमच्या डोळ्यांना पाणी आलं. "आता तो वाचेल," म्हणालात. तो कागद काढून घेऊन मी पुस्तक पोस्टात टाकलं. तुम्ही त्याच्या उत्तराची वाट बघत गेलात.

शनिवारी प्रत न्यायला तुमची भाची आली, भावाची मुलगी. आता त्या चर्चचं कामकाज तीच बघते. चहा घेताना तिने सांगितलं, बाबांनी ते पुस्तक दोनदा वाचलं, ओळीखाली बोट धरून, काहीतरी शोधत असल्यासारखं. मग कपाटात ठेवून दिलं आणि पुन्हा कधी तुमचं नाव घेतलं नाही. तेही गेले, बाई. मला राहवलं नाही. तो कागद आणून मी तिच्या हातात दिला. उभ्यानेच वाचला तिने, मग ओट्याला टेकून पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटी विचारलं, हे पुस्तकात का नाही? मी म्हटलं, समितीला नको होतं. "म्हातारे सगळे," असं काहीसं पुटपुटत तिने डोळे पुसले. जाताना मला मिठी मारली, माझे आभार मानले.

समितीने ते पान कधी पाहिलंच नव्हतं. मी त्यांना दाखवलंच नाही. तुमची अब्रू राखली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, पण तुम्ही तर ती स्वतःहून पणाला लावायला तयार होतात. भावाच्या तोंडावर दार लावणारी बाई मला नको होती. एवढंच होतं, बाई.