डोंगरातल्या हॉटेलची बाग

आबा, तुम्ही ज्या हॉटेलात सहा वर्षं बागकाम केलंत, तिथे मी पाहुणी म्हणून राहून आले. त्याला दोन वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन दहा. हे तेच हॉटेल होतं हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तुम्ही आखातात होतात एवढंच माहीत आहे. सासूबाईंची समजूत आहे की तुम्ही तेलाच्या कंपनीत होतात, आणि ती मी कधी दुरुस्त केली नाही.

वसई स्टेशनजवळच्या ज्या ऑफिसात मी तिकिटं काढायला लागले होते, तिथेच अजून आहे. आता सहली मी आखते. दुबईच्या एका कंपनीने नवी सहल काढली होती, शहर, डोंगर आणि निसर्ग, पाच दिवस निवांत. ती आम्ही इथे खपवावी म्हणून आधी आम्हालाच फुकट फिरवून आणणार होते. मालक म्हणाले, या वेळी तुम्ही जा. कागदावर दुसऱ्या मुक्कामाचं नाव वाचलं आणि मी खुर्चीतच बसून राहिले. तुमच्या पत्रांच्या पाकिटांवर कोपऱ्यात छापलेलं असायचं तेच नाव.

आपल्या वाडीत केळी होती, पानवेली होत्या, विहिरीच्या अंगाला मोगरा होता. तुम्ही आणि आई उजाडताना कळ्या खुडायचात आणि फुलं दादरच्या बाजाराला जायची. मी सात-आठ वर्षांची असेन. भर दुपारी मोगऱ्याची रोपं माना टाकून उभी दिसली म्हणून मी त्यांना कळशीभर पाणी घालत होते. तुम्ही ओट्यावरून उठून आलात, माझ्या हातातली कळशी काढून घेतलीत आणि म्हणालात, "तहान लागली म्हणून पाणी घालायचं नसतं. त्याला सोसेल तेव्हा घालायचं." मी रडायला लागले. आई म्हणाली, पोरीला कशाला बोलता, तिला काय कळतंय. तुम्ही कळशी विहिरीच्या काठावर ठेवलीत आणि परत ओट्यावर जाऊन बसलात. माणसांना तुम्ही फारसं उत्तर देत नसायचात.

मग आजूबाजूच्या विहिरींवर टँकर लागायला लागले. स्टेशनकडे इमारती उठत होत्या, त्यांना पाणी हवं होतं, आणि शेजाऱ्यांना ते उपसून द्यायला हरकत नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात आईने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. "पानी खारं झालं," एवढंच म्हणाली. आधी पानवेली गेल्या, मग केळी. गावातला एकजण दुबईहून सुट्टीवर आला होता, त्याने सांगितलं की तिकडे डोंगरात एका हॉटेलला बागेतलं कळणारा माणूस हवा आहे. तुम्ही महिन्याभरात गेलात. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. तुमची पत्रं यायची, त्यांत आमची चौकशी दोन ओळी आणि त्या बागेची दोन पानं. खडक फोडून माती कशी भरली, गुलाबाला कोणतं खत मानवलं, लिंबं कधी धरली. आई मला ती मोठ्याने वाचायला लावायची आणि ऐकता ऐकता आपल्या वाळलेल्या वाफ्यांकडे बघत बसायची. पहिल्या सुट्टीत तुम्ही मला छाटणीची कात्री आणलीत, परदेशी, लाल मुठीची. तोवर आमच्याकडे छाटण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

तुम्ही तिकडे जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा एका सकाळी दोन माणसं फीत घेऊन वाडीत शिरली. आई धावत गेली. "कोन तुम्ही? कसलं माप घेताय?" त्यांतला एकजण अदबीने म्हणाला की मालकांनीच जागा विकलीय, सहीचा कागद त्यांच्या भावाकडे आहे. तुम्ही तिकडून सही करून कागद काकांच्या नावे पाठवला होतात. आईला एक ओळ लिहिली नव्हतीत. त्या दिवशी ती विहिरीच्या काठावर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. पुढे आम्ही आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. उभ्या आयुष्यात जमिनीपासून वर न राहिलेली ती बाई, महिनाभर जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उतरायची.

सत्त्याण्णव साली, दिवाळी तोंडावर आलेली असताना, आईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं, पण फार आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी खालच्या एसटीडी बूथवरून हॉटेलच्या ऑफिसात फोन लावला. कोणीतरी तुम्हाला बागेतून बोलावून आणलं. तुम्ही पळत आला होतात, तुमचा श्वास ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सुट्टी मिळत नाही गं. साहेबांपुढे हात जोडले, पण नाहीच म्हणतात." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं नाही की तुम्ही हात जोडायला गेलात कधी, बातमी तर आत्ता कळली होती. ते लक्षात यायला मला दहा वर्षं लागली. आईला मी तुमचा निरोप सांगितला. ती म्हणाली, "परक्याच्या दावणीला बांधलेला मानूस, तो तरी काय करील." अकराव्या दिवशी ती गेली. तुम्ही तीन महिन्यांनी आलात.

त्या साहेबाचा मी जितका द्वेष केला तितका कोणाचा केला नसेल. त्याचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही पुढच्या वर्षी कायमचे परत आलात आणि आचोळ्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलात. एकदा मी मोगऱ्याची फांदी कुंडीत लावून आणली, तर तुम्ही म्हणालात, इथे ऊन येत नाही, आणि मान फिरवलीत. मग तुमचं हृदयाचं दुखणं निघालं. वर्षभर मी तुमचं सगळं केलं, आंघोळीपासून औषधापर्यंत, आणि मनापासून केलं. मला वाटत होतं, बिचाऱ्याला शेवटचं तोंडही बघू दिलं नाही मेल्यांनी.

दुबईत तीन दिवस आम्हाला काचेच्या इमारतींतून आणि गार दुकानांतून फिरवलं. चौथ्या दिवशी गाडी डोंगराकडे निघाली. ड्रायव्हर एका कोरड्या दगडी ओढ्याकडे बोट दाखवून 'वादी, वादी' म्हणत होता आणि मला दोनदा वाडी ऐकू आलं. दोन्ही बाजूंना नुसते तपकिरी, उघडे डोंगर, गवताची काडी नाही. मग एक फाटक उघडतं आणि आत सगळं हिरवं. हिरवळ, लिंबाची झाडं, गुलाबांचे ताटवे, पोहण्याच्या तलावाशेजारी मोगरा. झाडांभोवतीची आळी आणि पाण्याचे पाट बघून मी थांबले. पाट वळणावर जसा रुंद करायचात तसाच केलेला. आपली वाडी तिथे होती, आबा. लोक तिच्यात लांब खुर्च्यांवर पडून पुस्तकं वाचत होते.

सकाळी ताटव्यात एक म्हातारा माळी काम करत होता, केरळचा. मी कोणाची मुलगी ते सांगितल्यावर त्याने पाण्याची नळी खाली टाकली, हात पुसले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. तुमच्याबद्दल तो खूप बोलला. बोलता बोलता मी म्हटलं की त्या वेळच्या साहेबाने सुट्टी दिली असती तर माझ्या आईची आणि तुमची भेट झाली असती. त्याला कळेना मी काय म्हणतेय.

"छुट्टी?" तो म्हणाला. "छुट्टी तो हर साल मिलता था. वो खुद नहीं जाता था."

मी त्याला त्या दिवाळीचं विचारलं. त्याला आठवत होतं. "साहब ने टिकट भी निकाला. वो बोला, अभी गुलाब का छँटाई है, बाद में जाएगा."

तो हे कौतुकाने सांगत होता. असा माळी पुन्हा झाला नाही म्हणाला. त्याने मला एक गुलाब कापून दिला आणि मी आभार मानले.

तेव्हापासून मी तुमच्या वतीने कारणं शोधून पाहिली. वाडी विकल्यावर आईसमोर उभं राहायची तुम्हाला लाज वाटली असेल. भीती वाटली असेल. असेलही. पण ती तुम्हाला माफ करून गेली ती तुमच्या खोट्यावर, आणि ते खोटं मी माझ्या तोंडाने तिच्या कानात सांगितलं. हे तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत. विरारला, फुलपाड्याला, आमच्या घरात तुमचा फोटो आहे. मी तो उतरवलेला नाही, कारण उतरवला तर विचारतील.

हे लिहून झालं की जुन्या तिकिटांच्या फायलीत ठेवून देईन, त्या कोणी उघडत नाही. एक गोष्ट मात्र सांगायची राहते. माळ्याशी बोलून झाल्यावर त्याच दुपारी मी घरी फोन केला. मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिने विचारलं, "आई, उद्या येणार ना?" माझं तिकीट दुसऱ्या दिवसाचंच होतं. मी म्हटलं, ऑफिसने अजून एक दिवस थांबवलंय गं, सोडत नाहीत. मला कोणी थांबवलं नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी मीच काउंटरवर जाऊन दिवस वाढवून घेतला होता. तो सबंध दिवस मी तुमच्या बागेत लिंबाच्या सावलीत पडून होते, आणि मला घरच्या कोणाचीही आठवण आली नाही.