‘नेहमी’ कुठे लिहायचं

सोमवार, २० जानेवारी २०२५

कॉपी झाली आहे. शंभर टक्के!

नववी ‘ब’ची इंग्रजीची चाचणी तपासली. प्रश्न साधा — ऑलवेज, ऑफन, युज्वली, रेअरली, नेव्हर वापरून घराविषयी पाच वाक्यं लिहा. हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात. ॲम-इज-आर असेल तर त्याच्या नंतर. जूनपासून घसा फोडून सांगतेय. तरी बेचाळीसपैकी एकेचाळीस पोरांनी ते कुठेही टाकलेत, लग्नमंडपाबाहेर चपला टाकाव्यात तसे.

आणि मंजुश्री तायडेची पाचही वाक्यं बरोबर! रोज उशिरा येणारी, मागच्या बाकावर डुलक्या काढणारी पोरगी. तिला हे जमणारच नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

प्रश्नपत्रिका शनिवारभर माझ्या पिशवीत होती, पिशवी स्टाफरूममध्ये. कुणाचा हात लागला?

मुख्याध्यापक शेषराव सर म्हणाले, “पाचच वाक्यं आहेत मॅडम, सोडा ना.” का सोडू? त्यांना एवढी घाई कसली?

माझा संशय कुलदीपवर आहे. पिंपळगावच्या स्टँडजवळ इंग्रजीचा क्लास चालवतो. झेरॉक्सचं निमित्त काढून सारखा आमच्या शाळेत घुटमळतो.

बुधवार, २२ जानेवारी

घरी जायची खामगावची बस यायच्या आधी क्लासवर जाऊन आले. न कळवता.

कुलदीप हसला. “मी फक्त धावी घेतो म्याडम. नववीची एकबी पोरगी नाई माह्याकडं.”

बाकांवर खरंच सगळी दहावीची. पण हसला का? नको तेवढा हसला.

गुरुवार, २३ जानेवारी

मधल्या सुट्टीत मंजुश्रीला ग्रंथालयात एकटीला बसवलं. कोरा कागद दिला. “घराविषयी नवीन पाच वाक्यं लिही. माझ्यासमोर.”

लिहिली! ऑफन — सिट्सच्या आधी. ऑलवेज — ॲमच्या नंतर. नेव्हर — स्लीपच्या आधी. स्पेलिंग दोन ठिकाणी गचाळ, जागा एकही चुकली नाही.

“कुणी शिकवलं तुला?”

“तुमीच त सांगतलं, म्याडम. फयावर लिवून.”

“तू तर झोपलेली असतेस!”

“डोये मिटून रायते. आयकू येते मले.”

“मग आजवर कधी लिहिलं का नाहीस?”

मग हळूच — “घरचं नवतं इचारलं तुमी.”

बेल झाली. दारात पुन्हा थांबली. “वाचलं का, म्याडम?”

“तपासलं की. पाचपैकी पाच.”

तोंड पडलं तिचं. पैकीच्या पैकी मिळाल्यावर कुणाचं तोंड पडतं? काहीतरी लपवतेय पोरगी. नक्की.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी बसमध्ये तो कागद काढला. म्हटलं, मराठी करून बघू.

माझी आई बऱ्याचदा विहिरीजवळ बसते. मी नेहमी तिच्या मागे असते. ती झोपल्याशिवाय मी कधीच झोपत नाही. बाबा क्वचितच घरी असतात. मी शाळेत असते तेव्हा आई सहसा एकटी असते.

तिची वाक्यं मी दोनदा तपासली होती, वाचली एकदाही नव्हती!

शाळेत शिरले ती थेट वर्गात. मंजुश्रीचा हात धरला. शेषराव सरांनी एक शब्द न विचारता गाडी काढली.

घरी पोचलो तेव्हा तिची आई जनकाबाई विहिरीच्या काठावर होती. पाय आत सोडून. मी ओरडत धावणार होते. पण पोरगी ना धावली, ना ओरडली. सावकाश गेली, शेजारी बसली, आईच्या कमरेत हात घातला. “माय, पाय वर घे.” रोजची सवय असल्यासारखी.

मी दुसऱ्या बाजूला बसले. जनकाबाईने पाय वर घेतले, मग बोलली. “दिवाळीत बाळ गेलं बाई माहं. दहा दिवसाचं व्हतं. तवापासून झोपच नाई.”

“चला माझ्यासंगं दवाखान्यात.”

“पोरीची शाळा बुडंल ना.”

“बुडू द्या.”

खामगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भरती करून घेतलं. म्हणाल्या, हा आजार आहे, बरा होतो. एकटं ठेवू नका. जनकाबाईची बहीण केसरबाई आली आहे सोबतीला.

आणि मी या पोरीवर चोरीचा आळ घेत होते!

शनिवार, २५ जानेवारी

जनकाबाईला झोप लागली. खुर्चीवर मंजुश्रीलाही.

सोमवार, २७ जानेवारी

उरलेले एकेचाळीस पेपर पुन्हा काढले. लाल पेन बाजूला ठेवून नुसते वाचले. उद्या आणखी दोन पोरांच्या घरी जायचं आहे.