तसबिरीपुढची भक्ती

जळकोट,
१० जुलै २०२५

ती. नीलाअक्कास,
सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी परिपाठाआधी मी शाळेच्या व्हरांड्यातली सरस्वतीची तसबीर ओल्या फडक्यानं लख्ख पुसली. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवतो. शाळा उघडल्यापासून माझ्या नववीची पोरं येता-जाता तसबिरीपुढं थांबत होती. मला वाटलं, देवीनंच बुद्धी दिली. ज्ञानेश्वरी तर सगळ्यांत जास्त वेळ उभी राहायची. त्या आनंदाच्या भरात मी तिला परिपाठातच सगळ्या शाळेपुढं बोलावलं आणि देवीकडं रोज काय मागतेस ते सांग म्हणालो. शाळा खदखदून हसली. पोरगी लालबुंद झाली आणि तेव्हापासून आलीच नाही. तिची आई म्हणते, शाळेचं नाव काढलं की ओढणीत तोंड खुपसते. हुशार लेकरू आहे गं. अशीच घरी बसली तर शाळा कायमची सुटेल. माझं काय चुकलं?

तुझा,
वैजनाथ

तुळजापूर,
१३ जुलै

चि. वैजनाथास,
अनेक आशीर्वाद.

अरे भोळ्या, पत्र वाचून इतकी हसले की तुझे दाजी चहा टाकून धावत आले. पोरं देवीला नव्हे, काचेला भुलली होती! शाळेत आरसा नाही, त्या गडद तसबिरीत तोंड दिसतं. कुणाला पुटकुळ्या, कुणाला मिसरूड, रोज उठावं तर चेहरा नवा. तू विसरलास, मिसरूड दाट व्हावं म्हणून समईतलं एरंडेल चोळायचास! तीस वर्षं मी याच वयाची पोरं शिकवली. या वयात प्रत्येकाला वाटतं, सगळं गाव आपल्याकडंच बघतंय. तू तर खरंच सगळ्या शाळेला बघायला लावलंस. आता परिपाठात माफी मागू नकोस, पुन्हा तेच होईल. घरी जा, थोडकं बोल, उपदेश करू नकोस. तुला जमणं कठीण आहे, तरी बघ.

तुझी,
अक्का

जळकोट,
१८ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

उपदेश केला नाही, देवीशपथ. मंगळवारी गेलो. ज्ञानेश्वरी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. दाराशीच म्हणालो, माझं चुकलं, मला काच दिसलीच नाही. आतून खुदकन हसू आलं, पण बुधवारीही तिची जागा रिकामीच.

मग मुख्याध्यापक रेवणप्पा सरांकडं आरशाची परवानगी मागितली. ते म्हणाले, पोरं नटायला येतात का शिकायला? मी म्हणालो, येतात हे काय कमी आहे? त्यांनी हसून परवानगी दिली. काल पाण्याच्या टाकीमागं, जिकडं आम्ही मास्तर फिरकत नाही, तिथं आरसा लावला.

आज ती आली. मधल्या सुट्टीत माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, सर, लई उंच लावलाय, आमाला नुसतं कपाळच दिसतंय. मी लगेच टाकीमागं गेलो. खिळा उपटला आणि वीतभर खाली ठोकला.

अशीच हसत राहा, धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
वैजनाथ