अक्काची सही

४ फेब्रु.
कुटुंब-अभ्यासाचा प्रकल्प तपासून आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्याइतकी नेटकी वंशावळ कुणाची नाही. हे मी म्हणत नाही, बाईंनीच वर्गाला दाखवली. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. रेघा पाव मि.मी. जाडीच्या. माझ्या वर्कशॉपमध्ये लेथ कुणाच्या हाताखाली न शिकता शिकलो, त्याला हे काय अवघड. मागच्या बाकावरची पोरं : "काका, आमची पण काढा की." नाही म्हटलं.
पण पान ११ वर लाल शाई. प्रश्न होता, वडिलोपार्जित जमिनीचा निर्णय कसा झाला. मी लिहिलं, सर्वांच्या संमतीने. बाईंचा शेरा : "यात बहीण आली का? तिची मुलाखत संमतीपत्रासह १४ पर्यंत जोडा." नाहीतर प्रकल्प अपूर्ण. म्हणजे वर्ष गेलं.

५ फेब्रु.
वस्तुस्थिती अशी. वडिलांचं, आण्णांचं, दिवसकार्य झालं, त्यानंतर नवव्या दिवशी अक्कानं (थोरली, शिरोळला दिलेली) हक्कसोडपत्रावर सही केली. आपल्याकडं बहिणी करतातच. साडी-चोळी झाली. भांडण नाही, भाऊबीज चुकलेली नाही.
बाईंना फोनवर हेच सांगितलं. म्हणाल्या, त्यांच्या तोंडून येऊ दे.
सौ. : "जावा की मग. तवा सही घ्यायला गेलता तसंच." टोमणा कळला.

९ फेब्रु.
शिरोळ, ११.४० ला पोच. अक्का सोप्यात शेंगा फोडत बसलेली.
"बाळ्या, पोरींच्यात बसतोस म्हणं कालिजात! दाढी तरी नीट कर की रं."
चहा झाला. संमतीपत्र पुढं केलं, जागा दाखवली.
"वाच."
म्हटलं, नेहमीचा नमुना आहे गं.
"वाच म्हणती न्हवं. तवा बी असंच बोट ठेवलतंस, 'हितं कर' म्हणून."
वाचलं. कलम ३ : सहभागी व्यक्ती कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकते. तिथं थांबवलं. परत वाचायला लावलं.
"ह्ये त्या कागदात हुतं?"
नव्हतं. तसं सांगितलं.
"मग काय हुतं त्यात? नटबोल्टाचा कागुद बी तू चष्मा लावून तीनदा बघतोस. माझा वाचाय यळ न्हवता व्हय?"
मुलाखत झाली नाही. "ठिऊन जा, बघती मी," म्हणाली. जेवायला मात्र वाढलं. बोलली ती उसावर, सुनेवर.

१० फेब्रु.
हक्कसोडपत्राची प्रत काढली. पानं पाच. पान ३ वर गट नंबर चुकीचा टाईप झालेला, तो दुरुस्त करून घेतलेला आहे. दुरुस्ती माझ्या अक्षरात. म्हणजे मी त्या दिवशी सगळं वाचलं होतं.
घड्याळ लावून मोठ्यानं, सावकाश वाचलं. अकरा मिनिटं.

१२ फेब्रु.
वर्गातली एक मुलगी, हुशार आहे : "काका, तुम्हीच लिहून टाका ना. आत्यांचं उत्तर तुम्हाला माहितीच असेल."
परवापर्यंत माहीत होतं.
दुपारी वर्कशॉपमध्ये एक बुश (शाफ्टवर बसायची नळी) अर्धा मि.मी. जादा कापला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. कारण...

१३ फेब्रु.
सकाळी अक्काचा फोन.
"सही करती. पण मी सांगंल त्येच लिवायचं. शुद्ध करायचं न्हाय, गोड करायचं न्हाय."
बरं.
"लिवून झाल्यावर वाचून दाखवायचं. मगच सही."
बरं म्हटलं.
"आणि माझं उत्तर 'न्हाय, मला कुणी इचारलंच न्हाय' असं निघालं तर?"
म्हटलं, तसंच लिहीन.
"लिवशील रं. लिवण्यात तू हुशारच हाईस. पर लिवल्यावर? जमिनीचं काय करणार?"
तिच्या मागं टीव्ही चालू होता. मी म्हटलं, समोर आल्यावर बोलू. "बरं, ये," म्हणाली आणि ठेवला.
सौ.नं विचारलं, काय म्हणाल्या? सांगितलं. "मग?" म्हणाली. मी एस.टी.ची वेळ बघायला उठलो.
उद्या पहिल्या एस.टी.नं शिरोळ, चारच्या आत कॉलेज. माझे बारा प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवून घेतले आहेत. ती आधी तिचाच प्रश्न विचारणार, जमिनीचा.