टेबलाखालचे पप्पा

पप्पा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं, मग खोडलं. तुम्ही म्हणाला असतात, "प्रिय कसला गो? मिया काय सायब आसंय?"

आज मनूच्या शाळेत मतदान केंद्र आहे, म्हणून वर्ग पुन्हा मोबाईलवर. इतक्या वर्षांनी! दहावीत गेली, एवढी घोडी झाली, आणि सकाळी मला म्हणते, "ताई, तू टेबलाखाली बस ना." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. मला तुमच्याशी भांडायचंय. म्हणून हे पत्र.

लॉकडाऊनमध्ये लालबागचे मसाला कुटायचे डंक बंद, म्हणून तुमचं काम बंद, तुम्ही घरी. आई परळच्या हॉस्पिटलात आया, तिला सुट्टी कुठली? मी गॅलरीत इयरफोन घालून कॉलेज करत होते. मग पाचवीतल्या मनूशेजारी कोण बसणार? तुम्ही! तेही इस्त्रीचा शर्ट घालून! बाई स्क्रीनवर आल्या की तुम्ही उभे राहायचात आणि अख्ख्या वर्गाला तुमचं पोट दिसायचं.

ग्रुपवर बाईंचा पहिला मेसेज आला: पालकांनी सोबत बसावं. थोड्या दिवसांनी दुसरा: पालकांनी उत्तरं सांगू नयेत. तुम्ही वैतागलात. "मगे मिया बसान करू काय?" बाई तरी काय करणार? त्यांच्या मागे त्यांचाच मुलगा रडत असायचा. आणि ग्रुपवर निम्मे पालक म्हणायचे अभ्यास फार होतो, निम्मे म्हणायचे काहीच शिकवत नाही.

मग तुम्ही टेबलाखाली गेलात. बाईंनी प्रश्न विचारला की मनू माईक बंद ठेवून तुम्हाला हळूच उत्तर सांगायची. तुम्ही तिच्या पायाचा अंगठा दाबायचात. दाबला म्हणजे बरोबर. मग माईक चालू करून कसली खणखणीत बोलायची!

कशाला केलंत असं?

शाळा उघडली. तिथे टेबलाखाली तुम्ही नव्हतात. मनू गप्प झाली. लेखी पेपरात एक नंबर, पण वर्गात उभं केलं की नखं खाते. तुम्ही होतात तोवर म्हणायचात, "बोलतली गो, घाई कसली?" आणि स्वतःच घाई करून गेलात.

परवा तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. काल बाईंचा फोन आला. "तिला सगळं येतं हो. पण तोंडच उघडत नाही. मार्क कसे देऊ मी?" काय सांगायचं मी त्यांना? की आमच्या पप्पांनी तिचा आवाज पायाच्या अंगठ्यात नेऊन ठेवलाय?

म्हणून आज सकाळी मी टेबलाखाली बसले नाही. मनू रडायला लागली. आई चपात्या लाटत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "अगं, ह्यांना इंग्रजी कुठे येत होतं? प्रत्येक वेळी दाबायचे."

"चुकलं तरी?" मनूने विचारलं.

"त्यांना काय कळतंय चुकलेलं? पोरगी बोलतेय ना, झालं!"

मला वाटलं मनू हसेल. पप्पा, ती भडकली! "फसवलं मला पप्पांनी! म्हणजे सगळी उत्तरं माझीच होती?" एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात तास सुरू झाला. बाईंनी तिचं नाव घेतलं. तिने टेबलाखाली पाय पुढे सरकवला. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. तुम्हाला हे कधी जमलं असतं का हो? मग ती एक वाक्य बोलली. तेही चुकलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग." आणि ती पुन्हा बोलली!

पण परवा बाई समोर असतील. तिथे गप्प बसली तर? बसू दे. नाही, असं म्हणवत नाही मला. तास संपल्यापासून या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

तरी शब्द देते. परवा मी तिच्यासोबत जाणार नाही. गेटपर्यंतसुद्धा नाही. तिने मागे वळून पाहिलं तर तिला मी दिसणार नाही.

तुम्हीही जाऊ नका, पप्पा. घरीच थांबा.

तुमची,
प्राजू