बेटावर उंदीर कोणी आणला

...आणि म्हणूनच आत्या, मागच्या पत्रात मी जे लिहिलं होतं की माणूस हा प्राणी बेटावर येऊच देऊ नये, ते मी मागे घेत नाही. उलट आता त्यात भर घालते.

नमस्कार राहिला. तो घे. तुझा गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस की नुसतेच भिंतीवर चिकटवून ठेवलेस? मी बरी आहे, वजन कमी झालेलं नाही, काळजी नको. झालं सगळं विचारून. आता मला मनासारखं चिडू दे.

आपल्या बेटावर उंदीर आलाय. (आपल्या म्हणजे पक्ष्यांच्या. मी इथे नुसती नोकरीला, तीही टेंपररी.) तू म्हणशील, एका उंदरासाठी एवढा थयथयाट कशाला? तर ऐक. इथले समुद्रपक्षी जेमतेम मुठीएवढे. जमिनीत बीळ करतात आणि वर्षाला एकच अंडं घालतात. एकच. पिढ्यान् पिढ्या त्यांना खाणारं इथे कोणी नव्हतंच, त्यामुळे घाबरणं हा विषयच त्यांच्या सिलॅबसमध्ये नाही. उंदीर समोर आला की पक्षी त्याच्याकडे बघत बसतो, तू दारात आलेल्या सेल्समनकडे बघतेस तसा. फक्त तू शेवटी दार तरी लावतेस. चार-पाच दिवसांपूर्वी बीळ नंबर सदतीसमध्ये (थर्टी-सेव्हन, बोटांवर मोजून खात्री केलीय, हसू नकोस) अंडं कुरतडलेलं सापडलं, आणि ती पक्षीण त्या टरफलावर तशीच बसून होती. ऊब देत. मी रडले नाही. शिव्या दिल्या, त्याही इंग्लिशमध्ये, कारण मराठीत तू शिकवलेल्या दोनच येतात मला.

आता हे होऊ नये म्हणून तर मला इथे ठेवलंय. धक्क्यावर एक खोली आहे. पांढरी फरशी, एकच दार, दाराखाली रबराची पट्टी. बेटावर येणारी प्रत्येक वस्तू आधी त्या खोलीत न्यायची, दार लावायचं आणि मगच उघडायची, म्हणजे आतून काही पळालं तर तिथेच सापडेल. ही खोली माझ्या ताब्यात. मी आमच्या साहेबांच्या बुटांच्या तळव्यांतून चिमट्याने गवताचं बी काढलंय. त्यांच्या बायकोने आणलेली गुलाबाची कुंडी उलट पावली बोटीत ठेवली, तेव्हापासून त्या मला 'जकातनाका' म्हणतात. म्हणू देत.

मग उंदीर आला कुठून? उघड आहे, बोटीतून. बोटवाले काका तीस वर्षं ये-जा करतायत आणि कधीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "पोरी, बोटीत उंदीर असता तर त्याने आधी माझा डबा संपवला असता." मला असले विनोद झेपत नाहीत. अंडी जातायत आणि यांना डबा सुचतो. साहेबांचं तर विचारूच नकोस. उंदीर आल्याचं कळल्यावर त्यांनी आधी फाईल उघडली, मग फाईलचा रंग बदलला, आणि तिसऱ्या दिवशी मीटिंग घेतली. मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि फाडफाड बोलले. तेलकट दोऱ्या, पोत्यांचा ढीग, कोपऱ्यातला अंधार, काही सोडलं नाही. काका टोपी हातात घेऊन ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "दर फेरीनंतर धुतो हो मी बोट." मी विचारलं, पुरावा काय? आता बोट धुतल्याचा पुरावा कोणाकडे असतो? त्यांच्याकडेही नव्हता. ठरलं, आजची फेरी शेवटची, परवाना रद्द. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. साठच्या साठ पिंजरे बोट लागते तिथे लावले. आत्तापर्यंत त्यांत फक्त एक खेकडा सापडलाय, तोही माझ्याइतकाच चिडलेला.

एका गोष्टीने तेवढं बरं वाटलं. गेल्या फेरीला तुझं पार्सल आलं. नेहमीप्रमाणे सात गाठी. ते धक्क्यावरच्या खोलीत नाही उघडलं, घरचंच तर आहे, थेट माझ्या खोलीवर आणलं. (एका कोपऱ्याला भोक होतं. मला वाटलं, हवा लागावी म्हणून तू पाडलं असशील. तू करतेस असलं काहीतरी.) खाऊचा डबा वरच होता, तो संपला. दुलई अजून पलंगाखाली आहे, गारठा पडला की काढेन. तुझं पत्र रोज चार ओळी वाचतेय. इंग्लिश मीडियममध्ये घालायला तूच सांगितलं होतंस, आता तुझं ते पळतं अक्षर लागत नाही म्हणून मला बोलू नकोस.

तुझी,
(अजूनही चिडलेली) जकातनाका

ता. क. माझी काळी पँट पाठव. इथे सगळ्या फाटल्या.

ता. क. २. पँट राहू दे. काहीच पाठवू नकोस. लिहिता लिहिता पाय गार पडले म्हणून दुलई काढली. आतला कापूस पोखरून मस्त गोल घरटं केलंय, आणि लेंड्या. मग तुझं पत्र घेतलं आणि चार ओळी नाही, मागचं पानसुद्धा एका दमात वाचलं. 'माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडलाय, दुलई तेवढी वाचली.' आत्या, नव्हती वाचली. साठ पिंजरे धक्क्यावर, आणि उंदीर माझ्या पलंगाखाली. इथून बीळ सदतीस नव्वद पावलं आहे. आत्ता मोजून आले.

ता. क. ३. काका टपालाची पिशवी घेऊन दारात उभे आहेत. आत यायला सांगितलं तर म्हणाले, नको, पायाला चिखल आहे, तू परत ओरडशील. मग म्हणाले, "आत्याबाईंना लिही, त्यांचं गाठोडं जपून आणलं होतं. लाटा उसळत होत्या, म्हणून सगळा वेळ मांडीवर घेऊन बसलो. थेंब लागू दिला नाही."

पाकीट अजून बंद केलेलं नाही. साहेबांना सांगणारच आहे, पिंजरे आजच वर आणायला हवेत आणि ती सहीसुद्धा खोडायचीय. पण काका आत्ता माझ्यासमोर उभे आहेत. आधी त्यांना सांगायचं, तर सुरुवात कुठून करू? तुला काय वाटतं?